मतदान शांततेत पार पडले

मंडळी, एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. गरिबाचं मत चोरीला गेलं, तर चोर कोण? नेणारा? की 'इथून काहीच गेलं नाही' असं लिहून देणारा? ऐका तर!

निवृत्ती डोखे नावाचे एक गुरुजी. पोराला कधी चापट मारली नाही असा माणूस. लोकसभेची निवडणूक, कागदावर शिक्के मारायचे दिवस. गुरुजींना केंद्राध्यक्ष करून धाडलं तळेवस्तीच्या शाळेतल्या मतदान केंद्रावर. तीनशे चाळीस मतदार, बहुतेक खाणीवर दगड फोडणारे. सकाळपासून रांग! अहो, आपण लग्नात अक्षतांसाठी दोन तास ताटकळतो, अन् मताला आपले पाय दुखतात! त्यांचे नाही दुखले.

तीन वाजता दोन जीप आल्या. दहाजण आत शिरले, दार लावलं. म्होरक्यानं गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांची मुलगी कुठल्या एसटीनं कॉलेजला जाते ते सांगितलं, आणि उरलेल्या मतपत्रिका मागितल्या. वीस मिनिटं नुसता शिक्क्यांचा आवाज. दारावरचा पोलीस? चहाला गेलेला! हा चहा नेमका तेव्हाच कसा उकळतो हो?

चार वाजता खाणीची पाळी सुटली. साळूबाई आणि आणखी अकरा बाया, धुळीनं पांढऱ्या झालेल्या, तशाच आल्या. तुमची मतं पडली, असं गुरुजी खाली मान घालून म्हणाले. साळूबाईनं बोट पुढं केलं.

"मग शाई कुठं हाय, गुरुजी?"

एक ओळ वर कळवली असती, तर फेरमतदान लागलं असतं. पण डोळ्यांपुढं लेक! गुरुजींनी काडी उचलली — आणि बाराही बायांच्या बोटांना शाई लावली. स्वतःच्या हातानं! मग डायरीत लिहिलं: मतदान शांततेत पार पडले.

त्या दिवसापासून गुरुजींना घास गोड लागेना. हरलेल्या उमेदवाराचा दावा कोर्टात रखडत होता. लेक लग्न होऊन लांब गेली, तेव्हा गुरुजी साक्षीला उभे राहिले. शाईसकट सगळं सांगितलं. नोकरी गेली. निवडणूक रद्द झाली. पण कधी? मुदत संपायला चार महिने उरले तेव्हा! तोवर त्या शिक्क्यांवर निवडून आलेला गडी तळेवस्तीचा आवाज म्हणून दिल्लीत बसला होता!

गुरुजी हे सांगायला वस्तीवर गेले. साळूबाईनं पाणी दिलं. खरं बोललात, बरं केलंत, म्हणाली. गुरुजींनी हात जोडले.

"आई, येत्या निवडणुकीला या. आता तसं होणार नाही."

"तवाबी सरकारचं माणूस म्हणून तुमच्यावरच इस्वास टाकला व्हता, गुरुजी."

पुढच्या निवडणुकीला बंदोबस्त चोख होता. पोलीस जागचा हलला नाही. तीनशे चाळिसांतली एकोणीस माणसं आली. गुरुजी शाळेबाहेर लिंबाखाली दिवसभर बसून राहिले. साळूबाई आली नाही.

मंडळी, मतपत्रिका पुन्हा छापता येते. त्या बाईचा भरवसा कुठं छापणार?

इथं शिक्षक बसलेत, तलाठी बसलेत, पक्षांचे कार्यकर्ते बसलेत. आणि बाकीचे आपण — बंद दाराबाहेर उभे राहून आतले शिक्के ऐकणारे! टाळ जरा खाली ठेवा. त्या वेळी मी कुठं होतो, एवढं ज्यानं त्यानं स्वतःला विचारा. देवाचं नाव मग घेऊ.