मला गॉगल, ताईला पडदा

नाय, पण तुम्हीच सांगा, लाल डोळेवाल्याचा चिकट रुमाल स्वतःच्या डोळ्यांना चोळायची पैज कुठला शहाणा घेतो? मी घेतली! डोळे आलेला माझा दोस्त नंदू म्हणाला, "चंदू, फाटली ना तुझी?" संपलं! असं कुणी म्हटलं की माझं डोकं गावाला जातं. बोरिवलीभर डोळ्यांची साथ, चाळीतली अर्धी गॅलरी डोळे पुसत बसलेली, सोमवारी गणिताची चाचणी... घेतला रुमाल, चोळला! सकाळी पापण्या अशा चिकटल्या, की आईने कोमट पाण्याने सोडवल्या. शाळा बंद, झकास! बाबांनी स्टेशनाबाहेरून काळा गॉगल आणला, "घाल रे, हिरो दिसशील." मग काय, गॉगल लावून पार नॅशनल पार्कापर्यंत भटकलो.

इथपर्यंत ठीक होतं हो... पण घरात टॉवेल एकच ना! तिसऱ्या दिवशी जयाताईचे डोळे आले. ताई दहावीत, शाळेच्या खोखो टीमची कॅप्टन, रविवारी फायनल. रोग तोच ना? डोळे तसेच लाल ना? पण तिला गॉगल नाही हां! आई म्हणाली, "अगो बाय, एवढी घोडी झालीस, असल्या डोळ्यांनी चाळभर फिरशील? लोक काय म्हणतील?" आणि खाटेला जुन्या लुगड्याचा पडदा बांधला!

बरं, रोग आणला कुणी? आधी माझे डोळे आले, हे चाळीतल्या मांजरालाही ठाऊक. पण बाबा ताईवरच गरजले, "त्या शेवंतीकडून आणलास ना? भावालाही दिलास! आजपासून शेवंती बंद, खोखो बंद!" शेवंती म्हणजे मागच्या चाळीतली, ताईची जिवाची मैत्रीण. आणि मी? तिथेच उभा होतो. गॉगलमागे.

रविवार गेला. टीम हरली. ताईचे डोळे निवळले, पण ती पडद्याबाहेर येईना. भिंतीकडे तोंड! वेणी ओढली... काही नाही. तिच्या ताटातला तळलेला बांगडा उचलला, तर म्हणते, "घे." यार, एका तुकड्यासाठी पाठीत लाटणं घालणारी जयाताई मला बांगडा घे म्हणाली! आमची धाकटी प्रेमा पाच वर्षांची, तिलाही डोळे आले होते, पण तिला कुणी पडद्यात बसवलं नाही, ती त्याच पडद्याशी लपाछपी खेळते. मी चौदाचा, गावभर उंडारतो. आणि सोळाची ताई भिंत बघते. रोग तोच ना?

शेवटी काल दुपारी जेवताना ओकलो सगळं. "बाबा, रोग मी आणला. नंदूचा रुमाल चोळला, पैज लागली म्हणून. ताईचा दोष नाही. शेवंतीचापण नाही." आणि डोळे मिटून गाल पुढे केला. बाबांनी काय करावं? हसले! "ऐकलंस गो? डँबिस कार्टं! पोरगे करायचेच असले धंदे!"

मी म्हटलं, "मग ताईचं खोखो?"

"बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी! दहावी झाल्यावर कसली शाळा नि कसली टीम?

तेवढ्यात पडदा सरकला. ताई आली आणि माझ्या गालावर अशी एक सणसणीत काढली, की... खोटं नाही सांगत, इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! म्हटलं, अजून एक दे! आणि आई धावली. कुणाकडे? माझ्याकडे! "अगो, काय करतेस! आत्ता कुठे डोळे बरे झालेत त्याचे!"

...आता बोला.