तुराट्या कुणाच्या?

अक्कलकोटच्या एसटीत मल्लप्पा बायकोला पेपरातली एक बातमी वाचून दाखवत होते. मागच्या सीटवर सृष्टी कान टवकारून बसली. ती बातमी तिनंच लिहिली होती.

“तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा कोळसा करून रानात मिसळला, की तुरीनं हवेतनं घेतलेला कार्बन मातीतच ऱ्हातो म्हणं. वर छापलंय, ‘वरदान की थोतांड?’”

“वरदान कोण म्हणतंय?”

“कोळसा करनाऱ्या कंपनीचा सायब.”

“आन् थोतांड?”

“पुण्याचा प्रोफेसर.”

“तुराट्या कुणाच्या?”

“आपल्याच की.”

“मग आपल्यातलं कोण बोललंय?”

“कुणीच न्हाय.”

“पण लिवलंय लई सोपं वो. माज्यासारख्या अडाणी बाईला बी कळलं, कुणाला इचारायचं ऱ्हायलंय ते.”

वळसंग आलं. दोघं उतरली. अक्कलकोटचं तिकीट मुठीत धरून सृष्टीही त्यांच्यामागं उतरली.