पंप कोणी चालू केला?

बढतीच्या मुलाखतीला आलेला पंपघराचा मेस्त्री बाकावर चुळबुळत होता. बायको त्याच्या सर्व्हिस बुकाची झेरॉक्स घेऊन उजळणी करून घेत होती. पलीकडच्या बाकावर पेन्शनच्या कामासाठी आलेले त्याच ऑफिसचे जुने हेडक्लार्क पेपरात तोंड खुपसून ऐकत होते.

“पूर आला तेव्हा पंप कोणी चालू केला?”

“चालू करण्यात आला.”

“अहो, पण कोणी?”

“रिपोर्टात तसंच लिहायची पद्धत आहे.”

“गळ्याइतक्या पाण्यात कोण उतरलं? नंतर आठ दिवस तापाने कोण फणफणलं?”

“मी.”

“मग तसं सांगा.”

“स्वतःच्या तोंडाने? बरं दिसतं का ते!”

“बावीस वर्षांत तुमचं नाव एकदाच आलंय. ‘मेस्त्रींच्या निष्काळजीपणामुळे व्हॉल्व्ह तुटला.’”

“ते हेडक्लार्कनी लिहिलं.”

पेपर चार बोटं वर गेला.

“आणि बाकीचं?”

“तेही त्यांनीच. मी सांगायचो, ते सुधारून घ्यायचे.”

शिपायाने हाक मारली. मेस्त्री आत गेला, दार अर्धवटच लागलं.

“पुरात पंप कोणी चालू केला होता हो?” आतून साहेबांचा आवाज आला.

बायकोने पदर घट्ट धरला.

“मी केला, साहेब. तो व्हॉल्व्हसुद्धा मीच तोडला होता.”

“अगं बाई! हे कोणी विचारलं होतं यांना?” ती कपाळावर हात मारत पेपराकडे वळली. “ऐकलंत ना काका? तुम्हीही इथलेच का? काय करायचात?”

“नोंदी ठेवल्या जात असत,” हेडक्लार्क म्हणाले.