नऊ नंबरचे पाय

करोल बागेत बसच्या रांगेत माझ्यापुढे तिघं होती: छावणीतले हवालदार धोंडीराम, त्यांची बायको शेवंता आणि ताडमाड मुलगी रिंकू. पुढचं खरं मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

“मम्मी, नवे बूट चावतायत!”

“चावू देत. मुद्दाम आठ नंबरचे घेतलेत, म्हणजे पाय तिथंच थांबेल. आणि पोहणं बंद. पाण्यात राहून राहून नऊचे झाले!”

“अगं, भिजून फुगायला ते काय हरभरे आहेत? कोच म्हणतात, ही देवानं दिलेली वल्ही आहेत. हात पसरले तर तेही उंचीपेक्षा चार बोटं जास्त भरतात.”

“स्थळाकडच्यांना काय दाखवू, वल्ही?”

“मम्मी, रविवारी सिलेक्शन आहे यार!”

“शेवंते, तुला बघायला आलो, तेव्हा दारात मोठाल्या चपला होत्या. म्हटलं, सासऱ्यांच्या असतील.”

“मग?”

“निरोप द्यायला आलीस, तेव्हा त्या तुझ्या पायात होत्या. तरी मी होच म्हणालो.”

“अगं बाई! अन् मी एकोणीस वर्षं पाय साडीत लपवतेय!”

“मम्मी, तू पण पोहायचीस?”

“विहिरीत. गावची पोरं मागं पडायची... अहो, बस जाऊ द्या. हे बूट बदलू, रविवारी लंगडत जाईल ती. आणि मलाही एक जोड घ्या.”

“नऊचा?”

“दहाचा.”