पुली आणि पाया पडणं

माझ्या मेहुण्याचं, दिलीपचं, ऐका. विट्यात घराच्या अंगणातच त्याने गाडीच्या सुपरचार्जरला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राला, नवी पुली बसवायला घेतली. उद्या त्याच गाडीतून आमच्या वडलांना, आबांना, मिरजेला डोळे दाखवायला न्यायचं होतं. पुली घट्ट मापाची. बहिणीच्या केकच्या ओव्हनमध्ये तापवून फुगवायची आणि निवायच्या आत एका दमात दांड्यावर सरकवायची.

बहीण म्हणाली, "आवं, केकला ऑइलचा वास आला तर तुमीच खायचा."

पुली अर्धी गेली आणि फाटकातून आबा आत आले. सासरे दिसताच दिलीप पुली सोडून पाया पडला. तेवढ्यात पुली निवून तिथंच अडकली.

पुलर लावून ओढून काढली, पुन्हा तापवली. तोवर आबा फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

"बसली की हाक मारा, पावणं. तवर मी आलोच न्हाई."

पुली बसली आणि आबा आले.