लपवलेली रेघ

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटले की कान नको तितके उघडतात. शेजारी बहीणभाऊ होते.

“ताई, चिप बनवण्याआधी आम्ही ती कॉम्प्युटरवर खोटीखोटी चालवून बघतो. प्रत्येक तारेची एक रेघ पडद्यावर पळते, काही चुकलं की लाल होते.”

“बरं, मग?”

“एक रेघ सारखी लाल व्हायची. पाहुणे येणार होते, म्हणून एका दिवसापुरती मी ती लपवली. आणि पडद्याची तीच मांडणी सेव्ह झाली.”

“म्हणजे रोज तीच उघडणार.”

“सहा महिने सगळं हिरवंगार! चिप बनून आली, ती मेलेलीच.”

“साहेबांना सांगितलंस?”

“त्यांनी तपासणाऱ्या बाईंना धारेवर धरलं. त्या माझीच मांडणी उघडून बघायच्या गं. उद्या राजीनामा देतायत.”

“आणि तू काय केलंस?”

“त्यांना चहा आणून दिला.”

“वा रे शहाण्या!”

“हळू बोल ना, ताई.”

“साहेबांना फोन लाव.”

“थेंब घातलेत. काही दिसत नाहीये.”

“मला दिसतंय. नंबर पाठ आहे का?”

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

“आहे.”

“मग सांग.”

तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला. मी बहिरा झालो, बाकावरून हललोच नाही.