टायरवाला जॅक बेपत्ता आहे, फरार नाही

जबाब देणार: टर्मिनलवर शिलाईवाली म्हणून ओळख, वय ४४ वर्षे, धंदा ट्रकच्या ताडपत्र्या व सीट कव्हर शिवणे, राहणार ट्रक टर्मिनल, तिसरी रांग, टायरच्या दुकानावरची खोली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पतीसह लग्नापासून राहते. खाली त्यांचे टायरचे दुकान आणि वर आमची खोली आहे. माझी शिलाईची मशीन जिन्याखाली असते. आम्हाला मूलबाळ नाही. पतीला टर्मिनलवर सगळे जॅक म्हणतात. कोणाचे काहीही अडले की याला खाली घालायचा, गाडी आपोआप वर येते, म्हणून ते नाव पडले. त्यांनाही ते आवडते. ते बुधवारी सकाळी घरातून गेले, ते आज शुक्रवारपर्यंत परत आलेले नाहीत.

माझ्या आधी चालक संघटनेच्या अध्यक्षांनी इथे अर्ज दिला असून त्यात पतीने सगळ्यांचे पैसे घेऊन पोबारा केला असे लिहिले आहे, हे मला हवालदारांनी सांगितले. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. हवालदार म्हणाले, थोडक्यात सांगा. तो अर्ज थोडक्यात लिहिल्यामुळेच तसा झाला आहे.

आमच्या टर्मिनलवर रोजचा व्यवहार रोखीने होत नाही. फोनवर एक सोय आहे, तिला आम्ही भरवसा म्हणतो. त्यात प्रत्येकाने ओळखीच्या माणसाच्या नावापुढे एक आकडा टाकायचा असतो. याच्यासाठी मी इतक्या रकमेपर्यंत उभा आहे, असा त्याचा अर्थ. त्याला मर्यादा म्हणतात, आणि समोरच्याने ती घेतली तरच ती चालू होते. समजा दूरच्या गावी एखाद्या चालकाचे टायर फुटले. तिथला दुकानदार त्याला ओळखत नाही, पण माझ्या पतीला ओळखतो, आणि पती चालकाला ओळखतात. मग चालकाचे देणे पतीकडे आणि पतीचे देणे त्या दुकानदाराकडे अशी नोंद होते आणि गाडी निघते. महिनाअखेरीस सगळे एकमेकांचे चुकते करतात. मधे ओळखीचा माणूस नसेल तर व्यवहार होतच नाही. या सोयीत पैसा कुठेच दिसत नाही, फक्त माणसे दिसतात.

नवीन माणूस आला की त्याची फेरी होते. हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. जो त्याला आणतो त्याने आपली पूर्ण मर्यादा एकाच वेळी त्याच्याकडे पाठवायची. समोरच्याने बसून चहा प्यायचा आणि सगळी रक्कम तशीच परत पाठवायची. मग तो आपला. थोडी रक्कम पाठवून चालत नाही. तो तोंडावर अविश्वास दाखवणे होते, आणि तसे केले म्हणून दोन सख्ख्या साडूंमध्ये बोलणे बंद झाल्याचे मी पाहिले आहे. फेरीचे पैसे परत आले नाहीत असे आमच्याकडे आजवर घडलेले नाही. एकदा एक क्लीनर चहा पिऊन झोपी गेला होता, तेवढाच काय तो घोर लागला होता.

टर्मिनलवरच्या लोकांनी मिळून जुन्या टायरवर नवे रबर चढवण्याचे यंत्र घ्यायचे ठरवले. विकणारा परदेशातला. त्याच्यापर्यंत भरवशाची साखळी पोहोचत नव्हती, कारण त्याला ओळखणारा किंवा त्याला ओळखणाऱ्याला ओळखणारा आमच्यात कोणीही नाही. तो क्रिप्टोमध्येच पैसे घेणार होता. तेव्हा वजनकाट्यावरच्या कारकुनाने सगळ्यांना समजावून सांगितले. हा कारकून स्वतः क्रिप्टोची खरेदी-विक्री करतो आणि माणूस चांगला आहे, हे मी मुद्दाम सांगते. तो पतीला म्हणाला, "इथं कुणावर भरवसा ठेवायची गरजच नाही, जॅक. तेच तर याचं भारी आहे." सगळ्यांना ते पटले. त्यानंतर सगळ्यांच्या वर्गणीतून जमलेला एवढा पैसा ठेवायचा कोणाच्या फोनमध्ये यावर पाच मिनिटेसुद्धा चर्चा झाली नाही. भरवसा लागतच नाही असा तो पैसा सगळ्यांनी ज्याच्यावर सर्वात जास्त भरवसा आहे त्याच्याकडे, म्हणजे जॅककडे ठेवला. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी विक्रेत्याकडून पत्ता आला. तो पत्ता म्हणजे गल्ली-घर नव्हे, नुसती अक्षरे आणि आकडे. कारकुनाने आधीच बजावले होते की पहिल्यांदा चिमूटभर पाठवून बघ, पोहोचले की मग बाकीचे पाठव. कारकून तेव्हा काट्यावर होता. मी जिन्याखाली ताडपत्रीला कड्या ठोकत होते. पतीने मला विचारले, एवढे मोठे काम करणाऱ्या माणसाला चिमूटभर कसे पाठवायचे, त्याला काय वाटेल. मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मग त्यांनी विक्रेत्याला लिहिले की ही आमची फेरी आहे, चहा घ्या आणि परत पाठवा, त्यानंतर खरा व्यवहार करू. आणि सगळी रक्कम पाठवली. मला वाचून दाखवले होते. भाषेत काही चूक नव्हती.

ठाण्याच्या साहेबांनी विचारले, असा वेडेपणा कोणी करतो का. आमच्याकडे सगळेच करतात, आणि त्यालाच आम्ही शहाणपण समजतो.

पैसे परत आले नाहीत. विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले. पहिल्या दिवशी पती गमतीने म्हणत होते की मोठा माणूस आहे, कप मोठा असेल. दुसऱ्या दिवशी गंमत थांबली. कारकुनाने त्यांना एक पान उघडून दिले होते, त्यावर तो पत्ता आणि तिथे पडून असलेली रक्कम दिसते. ते पान जगात कोणालाही बघता येते. माझ्या पतीने पाठवले ते दिसते, कुठे गेले ते दिसते, अजून तिथेच आहे हेही दिसते. फक्त तो पत्ता कोणाचा हे दिसत नाही. पैसे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे समोर होते आणि कपाटाला दार नव्हते. पती जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून ते पान बघत बसत. मी फोन उचलून बाजूला ठेवला तर माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत ते माझ्यावर ओरडलेले मला आठवत नाही.

त्यानंतर त्यांनी स्वतः सगळ्यांना दुकानात बोलावून झालेले सांगितले. लपवले नाही, हे लिहून घ्यावे. कोणी हात उगारला नाही, कोणी शिवीही दिली नाही. अध्यक्ष एवढेच म्हणाले की पैसा तर समोर दिसतोय. थोड्या वेळाने मागून कोणीतरी विचारले की तो पत्ता जॅकचाच नाही कशावरून. पतीने कारकुनाकडे पाहिले. कारकून म्हणाला, "तुझा नाही हे मला माहीत आहे रे. पण दाखवू कसं? दाखवायला तिथं काही नसतंच." तो खरेच बोलला. एखादी गोष्ट माझी आहे हे किल्ली दाखवून सिद्ध करता येते. माझी नाही हे सिद्ध करायला कोणती किल्ली दाखवायची, हे मी इथल्या साहेबांनाही विचारले.

त्या संध्याकाळपासून भरवशावर पतीच्या नावापुढच्या मर्यादा शून्य व्हायला लागल्या. कोणी मर्यादा काढली की फोन वाजतो. आधी मागच्या रांगेतल्या लोकांच्या आल्या, मग शेजारच्यांच्या. पती प्रत्येक वेळी नाव वाचत आणि म्हणत, बरोबर आहे, त्याच्या मुलीची फी आहे, किंवा बरोबर आहे, त्याचा हप्ता आहे. ज्याच्यासाठी पती अडचणीत वर्षभर उभे राहिले होते त्या मेकॅनिकची आली तेव्हा त्यांनी फोन पालथा ठेवला. मी म्हणाले, फोन बंद करा. ते म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान घसा त्यांचा दुखला असता." दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चर काढायला ट्यूबचा तुकडा हवा होता, तोही शेजारच्या दुकानातून मिळाला नाही. शेजारी वाईट नाही, फोनच व्यवहार घेत नव्हता. मी भांडले असते. पती दुकानाचे शटर अर्धे ओढून आत बसले.

बुधवारी सकाळी ते पाना देऊन येतो म्हणून उठले. मेकॅनिकचा पाना आमच्याकडे होता. मी शिवत होते, मान वर केली नाही. दुपार झाली तरी आले नाहीत म्हणून मी विचारत निघाले. मेकॅनिक म्हणाला की जॅकने पाना पुसून दिला. पुढे कळले की वेल्डरला त्याची बॅटरी दिली, वजनकाट्यावर छत्री दिली, हॉटेलवालीचा डबा घासून दिला. वर्षानुवर्षे ज्याच्या त्याच्याकडून आणलेल्या आणि द्यायच्या राहिलेल्या वस्तू त्यांनी दारोदार जाऊन दिल्या. हॉटेलवालीला त्यात चांगुलपणा वाटला. मला तो निरोप वाटला. घरी येऊन बघितले तर दुकानाच्या किल्ल्या माझ्या मशीनच्या खणात होत्या आणि त्यांचे ओळखपत्रही तिथेच होते. फोन आणि अंगावरचे कपडे सोडून त्यांनी काही नेलेले नाही. पळून जाणारा माणूस ओळखपत्र बायकोकडे ठेवून जातो का, याचा विचार व्हावा.

पतीचा फोन बुधवारी दुपारी नदीवरच्या जुन्या पुलाजवळ बंद झाला, असे मला काल इथेच सांगण्यात आले. ज्यांनी सांगितले त्यांनी ते तपासाची प्रगती म्हणून सांगितले. मी पुलावर गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही कठड्यांवरून खाली बघत गेले आणि परत आले. तिथे पाण्यात गळ टाकून बसलेल्यांना विचारले. एकाने विचारले, कोण होते तुमचे. मी म्हणाले, होते नाही, आहेत. त्याच्याशी मी उगाच वाकडे बोलले.

इथे दोन वेळा आले, दोन्ही वेळा मला सांगण्यात आले की आरोपीचा शोध चालू आहे. माझे म्हणणे आहे की आरोपीचा शोध आणि हरवलेल्या माणसाचा शोध वेगळा असतो. आरोपीला नाक्यांवर शोधतात. माझ्या नवऱ्याला पाण्याच्या कडेला, रेल्वेच्या रुळांवर, सरकारी दवाखान्यात शोधायला हवे, आणि आजच शोधायला हवे. पैसे तिथेच पडून आहेत, ते महिन्यानेही तिथेच दिसतील. माझ्याकडे महिना नाही.

काल रात्री घरी गेल्यावर मी भरवसा उघडला. पतीच्या नावापुढे एकही मर्यादा उरलेली नव्हती. माझीही नव्हती, कारण नवरा-बायकोने एकमेकांपुढे आकडा टाकायचा असतो हे आम्हाला कधी सुचलेच नाही. मी माझी मशीन, ताडपत्र्यांचा माल, जिन्याखालची जागा, सगळे धरून जितका आकडा ती सोय घेईल तितका त्यांच्या नावापुढे टाकला. म्हणजे त्यांचे जे काही देणे निघेल त्याला मी उभी. त्यांचा फोन बंद असल्यामुळे तिथे फक्त प्रतीक्षेत असे दिसते. त्यांनी फोन चालू केला तर घेतले किंवा नाकारले यापैकी एक करावे लागेल. तेवढ्यासाठी मी फोन हातातून सोडलेला नाही. आत्ता चार्जिंग संपत आले म्हणून तो हवालदारांच्या मागच्या बोर्डाला लावला आहे आणि त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

तरी पतीची नोंद बेपत्ता म्हणून घ्यावी, ही विनंती. मी रागाच्या किंवा कोणाच्या सांगण्याच्या भरात बोललेली नाही. हवालदारांनी वरचे सगळे मला वाचून दाखवले. मी सांगितले त्याहून ते जरा कोरडे वाटते, पण खोटे काही नाही, सबब

जादा मजकूर, जबाब देणारीच्या आग्रहावरून: वरील ओळ लिहून होत असताना माझा फोन वाजला. हवालदारांनी तो काढून माझ्या हातात दिला. मी वाचू शकले नाही, म्हणून त्यांनीच वाचले. माझी मर्यादा पतीने नाकारली आहे.

हवालदार म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका बाई. त्यांना समजले नाही म्हणून मी सांगते ते लिहून घ्यावे. नाकारायला बोट लागते आणि बोट हलवायला जिवंत माणूस लागतो. माझा नवरा या घडीला जिवंत आहे आणि त्याचा फोन चालू आहे. दुसरे असे की, जो सगळ्यांचे पैसे घेऊन पळाला असेल, त्याने माझे घरदार फुकट मिळत असताना सोडले नसते. त्याने एका बोटात घेतले असते. यांनी मला त्यातून बाहेर ठेवले. अध्यक्षांच्या अर्जाला माझे हेच उत्तर आहे.

सही करायला सांगत आहेत. सही मी नंतर करीन, कुठे जात नाही. आधी तो फोन कुठे चालू झाला ते बघा.